अलवालचे सिकंदराबाद

कंधार तालुक्यातील माणसाला आगगाडीने हैदराबादेस जावयाचे असेल, तर त्याला प्रथम नांदेडचे स्थानक गाठावे लागते. गाडी मुदखेड, उमरी, धर्माबाद ही गावे मागे टाकते, बासरजवळ गोदावरी ओलांडते आणि निजामाबादवरून पुढे जाते. प्रवास संपत आला म्हणजे बोलारम, अलवाल अशी लहान लहान स्थानके येतात. बहुतेक मोठ्या गाड्या तेथे थांबत नाहीत. थोड्याच वेळात ‘सिकंदराबाद’ अशी मोठी पाटी दिसू लागते आणि उतारूंची सामान आवरण्याची घाई सुरू होते. अलवालची पाटी कोणी वाचलेली नसते. तरी या दोन पाट्यांची हकीकत एकच आहे.

कंधार हे फार जुने गाव आहे. तेथे सापडलेला एक शिलालेख दहाव्या शतकातील राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळचा आहे. त्यानंतर यादव आले, बहमनी आले, निजामशाही आली, मोगल आले आणि शेवटी हैदराबादचे निजाम आले. किल्ल्यावरील निशाण पुनःपुन्हा बदलले, पण कंधारचे नाव मुळात जवळजवळ तेच राहिले. सगळ्याच गावांचे असे होत नाही. १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी देवगिरीस हलवली आणि देवगिरीचे दौलताबाद झाले. अंबाजोगाईला निजामी राजवटीत मोमिनाबाद म्हणत. ‘आबाद’ या फारसी शब्दाचा अर्थ वसलेले, भरभराटलेले असा आहे. नव्या धन्याला गावावर आपली मुद्रा उमटवावयाची असली म्हणजे तो बहुधा हा शब्द जोडून नवे नाव देई. अलवालचे सिकंदराबाद होण्याची रीत वरवर पाहता हीच दिसते. आतून मात्र ती गोष्ट निराळी होती.

तिचा आरंभ अलवालपासून बराच दूर, मराठी मुलुखात झाला. अहिल्यानगर जिल्ह्यात जामखेडजवळ खर्डा नावाचे गाव आहे. तेथे ११ मार्च १७९५ रोजी मराठे आणि निजाम यांची मोठी लढाई झाली. चौथाईची थकलेली बाकी हे तिचे कारण. तरुण पेशवे सवाई माधवराव छावणीत होते. कारभार नाना फडणिसांच्या हाती होता आणि सेनेचे नेतृत्व परशुरामभाऊ पटवर्धनांकडे होते. शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले हे सारे त्या वेळी एका निशाणाखाली उभे राहिले. मराठेशाहीत असा योग पुन्हा आला नाही. निजाम अली खान माघार घेऊन खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला आणि तेथेच कोंडला गेला. अखेर त्याला दौलताबादचा किल्ला, मोठा मुलूख आणि तीन कोट रुपये कबूल करावे लागले. त्याचा दिवाण मशीर-उल्-मुल्क यालाही मराठ्यांच्या स्वाधीन करावे लागले.

निजामाने या युद्धात इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीकडे मदत मागितली होती. कंपनीचे गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर यांनी ती दिली नाही. निजामाच्या पदरी रेमंड नावाच्या फ्रेंच सरदाराची कवायती पलटणे होती. लढाईनंतर त्याने तीच वाढवली.

पण पुण्यात दैव फिरले. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात सवाई माधवराव वारले. गादीवर कोणी बसावे याविषयी कारस्थाने सुरू झाली आणि खर्ड्याचा विजय त्या भांडणात वाया गेला. कैदेतला दिवाण सुटला आणि कबूल केलेले बरेचसे निजामाला परत मिळाले. मात्र खर्ड्याची धास्ती त्याच्या मनातून गेली नाही. मराठे पुन्हा आले तर काय, हा प्रश्न म्हातारपणी त्याला सतावीत राहिला.

या धास्तीचे मोल लॉर्ड वेलस्ली या नव्या गव्हर्नर जनरलने नेमके ओळखले. १ सप्टेंबर १७९८ रोजी निजाम आणि कंपनी यांच्यात तह झाला. निजामाने फ्रेंचांची फौज मोडावी, कंपनीची सहा पलटणे आपल्या राज्यात कायम ठेवून घ्यावी आणि त्यांच्या खर्चासाठी दरसाल २४ लाख १७ हजार १०० रुपये द्यावेत, असे ठरले. यालाच तैनाती फौजेची पद्धत म्हणतात. ही पद्धत नीट समजून घेतली पाहिजे. फौज निजामाच्या रक्षणासाठी, तिचा पगार निजामाच्या पैशातून, तिचा तळ निजामाच्या जमिनीवर; हुकूम मात्र कंपनीचा! घराच्या राखणीला ठेवलेल्या माणसाने किल्ल्या आपल्याच कमरेला लावाव्या, तसा हा प्रकार होता.

रेमंड त्याच वर्षी मरण पावला होता. त्याची सुमारे १४ हजारांची फौज ऑक्टोबर महिन्यात लढाईवाचून मोडण्यात आली. पुढे १८०० साली दुसरा तह झाला. रोख रकमेच्या ऐवजी निजामाने कायमचा मुलूखच देऊन टाकावा, असे त्यात ठरले. टिपू सुलतानाशी झालेल्या युद्धांत निजामाच्या वाट्याला आलेले बळ्ळारी, अनंतपूर, कडप्पा हे प्रदेश अशा रीतीने कंपनीकडे गेले. तेलुगू लोक या मुलखाला ‘दत्त मंडल’ म्हणू लागले; दत्त म्हणजे देऊन टाकलेले. आपला देश कोणी कोणाला तरी देऊन टाकला, हे रोजच्या नावातून ऐकणे तेथील लोकांना सव्वाशे वर्षे बोचत राहिले. १९२८ साली नंद्याल येथे भरलेल्या परिषदेत त्यांनी ते नाव टाकून ‘रायलसीमा’ हे नाव घेतले. विजयनगरच्या रायांची सीमा, असा त्याचा अर्थ. या वेळी नाव बदलण्याचा हुकूम कोणा राजाने काढलेला नव्हता.

आता अलवालकडे वळू. हैदराबाद शहराच्या उत्तरेस हुसेनसागर नावाचा विस्तीर्ण तलाव आहे. तो सोळाव्या शतकात कुत्बशाही अमदानीत बांधला गेला. तलावाच्या पलीकडे मोकळे माळरान होते आणि त्या भागात अलवाल हे गाव होते. इंग्रज आपल्या कागदांत ते ‘उल्वुल’ असे लिहीत. कंपनीच्या पलटणांनी तेथे तंबू ठोकले. राजधानी जवळ, पण शहराच्या गर्दीपासून दूर. पाण्याची सोय उत्तम. आणि मध्ये तलाव असल्याने दोन्हीकडील लोकांत सहज कटकट होण्याचा संभव कमी. छावणीसाठी यापेक्षा चांगली जागा मिळणे कठीण होते.

निजाम अली खान १८०३ च्या ऑगस्ट महिन्यात मरण पावला आणि त्याचा मुलगा गादीवर आला. त्याचे नाव मीर अकबर अली खान आणि किताब सिकंदर जाह. ग्रीसकडील जगज्जेत्या अलेक्झांडरला फारसीत सिकंदर म्हणतात. जाह म्हणजे दर्जा, मोठेपणा. सिकंदर जाह म्हणजे सिकंदराच्या तोलामोलाचा! हा किताब धारण करणारा राजा गादीवर बसून दोन महिनेही झाले नव्हते, तोच २३ सप्टेंबर १८०३ रोजी भोकरदनच्या बाजूला असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांच्या सैन्याला इंग्रजांनी हरवले. त्या मोहिमेत हैदराबादची तैनाती फौजही गुंतलेली होती. खर्ड्याचा डाग असा धुऊन निघाला खरा. पण धुणारा हात इंग्रजांचा होता.

१८०६ साली सिकंदर जाहने हुसेनसागरच्या उत्तरेकडील जमीन कंपनीच्या छावणीसाठी देण्याचा हुकूम केला आणि त्या वस्तीस त्याच्या नावावरून सिकंदराबाद म्हणू लागले. कंपनीने तिला आपल्या एखाद्या सेनापतीचे नाव का दिले नाही? कागदोपत्री कंपनी ही निजामाची मित्र होती, धनी नव्हती. जमिनीवर निजामाची मालकी होती, आणि सारी सत्ता हाती असता नावाचा मान दुसऱ्याला देण्यात कंपनीचे काहीच खर्ची पडत नव्हते. दौलताबादेत नाव आणि सत्ता दोन्ही तुघलकाची होती. सिकंदराबादेत नाव एकाचे आणि सत्ता दुसऱ्याची, अशी वाटणी झाली.

छावणी म्हटली म्हणजे तिच्यामागे बाजार आलाच. येथे येणाऱ्या मालावर जकात माफ होती, म्हणून व्यापारी झपाट्याने जमले. रेजिमेंटल बाजार, जनरल बाजार ही नावे अजून चालू आहेत. निजामी राज्यात इतरत्रही फौजा वाढल्या. जालना, हिंगोली, मोमिनाबाद येथे छावण्या पडल्या. त्यांचा खर्च निजामाला पेलेना. कर्ज साचत गेले आणि १८५३ साली त्या फेडीपोटी वऱ्हाड प्रांत कंपनीच्या ताब्यात गेला. राखणदाराच्या पगारापायी घराचा एक सोपा गेला, तो निजामाला पुन्हा मिळाला नाही.

सामान्य लोकांना या राजकारणाशी कर्तव्य नव्हते. त्यांनी डोळ्यांना दिसले ते नाव दिले: लष्कर. पुण्याच्या छावणीला पुणेकर लष्कर म्हणतात, तसेच हे. त्या छावणीतील सुरिटी अप्पय्या नावाच्या डोली वाहणाऱ्या माणसाची हकीकत सांगतात. त्याची १८१३ साली उज्जैनीस बदली झाली. त्या सुमारास पटकीची साथ पसरली. साथ ओसरली तर आपल्या गावी तुझी स्थापना करीन, असा नवस त्याने उज्जैनीच्या महाकालीला केला, आणि परतल्यावर १८१५ साली तो फेडला. सिकंदराबादेत उज्जैनी महाकालीचे देऊळ आहे ते हेच. तेथे दरवर्षी आषाढात बोनालूचा उत्सव भरतो. डोक्यावर नैवेद्याची भांडी घेऊन हजारो स्त्रिया येतात, आणि या उत्सवाला लोक ‘लष्कर बोनालू’ म्हणतात.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली, तेव्हा कंधार मराठी मुलुखात आले आणि सिकंदराबाद तेलुगू मुलुखात राहिले. २०१४ पासून ते तेलंगण राज्यात आहे. नांदेडची गाडी मात्र त्याच वाटेने जाते. बोलारम मागे पडते, अलवाल येते, आणि त्याच्या लगतच्या स्थानकाचे नाव ‘कॅव्हलरी बॅरॅक्स’, म्हणजे घोडदळाच्या बराकी, असे आहे. त्यानंतर सिकंदराबाद.