बंदुकीचा धक्का आणि सौम्य काडतूस

काठाला लागलेल्या होडीतून तुम्ही कधी उडी मारली आहे का? तुम्ही पुढे जाता आणि होडी मागे सरकते. होडी लहान असेल तर ती अधिक वेगाने सरकते. न्यूटनने १६८७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात गतीचा जो तिसरा नियम सांगितला, त्याचेच हे उदाहरण. बंदुकीतून गोळी पुढे सुटते तेव्हा बंदूकही अशीच मागे येते आणि नेमबाजाच्या खांद्यावर आदळते. या मागच्या धक्क्याला प्रतिक्षेप म्हणतात.

हा धक्का कमी कसा करायचा, हा प्रश्न अमेरिकेत अनेक घरांत दरवर्षी पडतो. तेथे पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या मोठी आहे, आणि त्यांना खाणारे लांडगे व प्यूमा बहुतेक भागांतून नाहीसे झाले आहेत. त्यामुळे प्रत्येक राज्य शरद ऋतूत ठरावीक दिवस परवान्याने शिकार करू देते. अनेक राज्यांत शाळकरी वयाची मुलेही सुरक्षिततेचे शिक्षण घेऊन, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली शिकारीला जातात. पण घरातली रायफल असते मोठ्या माणसाच्या खांद्यासाठी!

धक्का जोराचा असला की शिकाऊ नेमबाज दुसऱ्या-तिसऱ्या वेळेपासून अंग चोरू लागतो. चाप ओढण्याच्या क्षणी डोळे मिटतात, खांदा आखडतो आणि नळी हलते. हे त्याच्या स्वतःच्या लक्षातही येत नाही. म्हणून शिक्षक कधी कधी त्याला न सांगता रायफलीत खोटे काडतूस घालतात. चाप ओढला जातो, आवाज होत नाही, पण नळी मात्र झटकन खाली जाते. धक्का बसण्याआधीच शरीराने त्याला उत्तर दिलेले असते. अशा हातून सुटलेली गोळी हरणाच्या मर्मस्थानी न लागता पोटात किंवा पायात लागते आणि ते बिचारे जखमी होऊन तडफडत राहते. म्हणजे धक्का कमी करण्यात केवळ मुलाच्या खांद्याची सोय नसते.

आता थोडे गणित करू. वस्तुमान आणि वेग यांच्या गुणाकाराला संवेग म्हणतात. गोळी सुटण्यापूर्वी सारे स्थिर असते, म्हणजे एकूण संवेग शून्य. सुटल्यावरही बेरीज शून्यच राहिली पाहिजे. म्हणून पुढे जितका संवेग जातो, तितकाच रायफलीला मागे मिळतो. येथे एक गोष्ट पुष्कळजण विसरतात. पुढे केवळ गोळी जात नाही. काडतुसातील दारू जळून तिचा वायू होतो, आणि गोळी बाहेर पडताच बाटलीचे बूच निघावे तसा तो वायू गोळीपेक्षाही वेगाने बाहेर पडतो. त्याचा संवेगही हिशेबात धरावा लागतो.

‘थर्टी-ऑट-सिक्स’ हे तेथील प्रसिद्ध काडतूस घेऊ. त्याच्या नावातील तीस म्हणजे नळीचा व्यास, ०.३० इंच, आणि सहा म्हणजे १९०६ साल. त्या वर्षी अमेरिकेच्या सैन्याने ते स्वीकारले. नेहमीच्या जोरदार काडतुसात गोळी साधारण ११.७ ग्रॅमची असून ती सेकंदाला ८२० मीटर वेगाने सुटते. दारू सुमारे ३.६ ग्रॅम असते. तिच्या वायूचा वेग सेकंदाला १२०० मीटर धरू. रायफल ३.६ किलोग्रॅमची आहे.

गोळीचा संवेग ०.०११७ × ८२० = ९.६
वायूचा संवेग ०.००३६ × १२०० = ४.३
एकूण १३.९ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद

याला ३.६ ने भागले की रायफलीचा मागे येण्याचा वेग सेकंदाला सुमारे ३.९ मीटर येतो. तिची गतिज ऊर्जा होते सुमारे २७ जूल.

आता ८.१ ग्रॅमची हलकी गोळी सेकंदाला ७३० मीटर वेगाने सोडली आणि दारू २.३ ग्रॅम घेतली, तर गोळीचा संवेग ५.९ व वायूचा २.८, एकूण ८.७. रायफलीचा वेग २.४ मीटर आणि ऊर्जा सुमारे १०.५ जूल. गंमत पाहा! संवेग ६३ टक्क्यांवर आला, पण धक्क्याची ऊर्जा ४० टक्क्यांच्याही खाली गेली. कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते.

मग गोळी फार दुबळी झाली का? तिची सुरुवातीची ऊर्जा ३९०० जूलवरून सुमारे २१५० जूल होते. हरणासाठी सुमारे १३५० जूल पुरेत, असा तेथील शिकाऱ्यांचा जुना ठोकताळा आहे. हवेच्या रोधाने होणारी घट धरली तरी शंभर-सव्वाशे मीटरपर्यंत ही गोळी त्यात बसते. मात्र गोळी निवडताना काळजी घ्यावी लागते. शिकारीच्या गोळीचे मऊ टोक आदळल्यावर पसरते. फार वेगासाठी बनवलेली टणक गोळी कमी वेगात पसरत नाही. म्हणून येथे पातळ कवचाची, कमी वेगातही पसरणारी गोळी लागते.

तुम्ही म्हणाल, मग दारू हवी तितकी कमी करावी! येथेच खरा धोका आहे. दारू उघड्यावर सावकाश जळते, पण कोंडल्यावर दाब जसा वाढतो तसा तिचा जळण्याचा वेगही वाढतो. सावकाश जळणाऱ्या जातीची दारू फार थोडी घातली, तर पुरेसा दाबच तयार होत नाही. गोळी नळीतच अडकू शकते, आणि ते न कळता दुसरी झाडली तर नळी फुटते. याउलट, अशाच अर्धवट भरलेल्या काडतुसांत क्वचित दाब एकाएकी भलताच वाढून रायफली फुटल्याचेही नमूद आहे. थोडी दारू म्हणजे थोडा धोका, असे सरळ त्रैराशिक येथे चालत नाही.

म्हणून जाणकार मंडळी कमी दाबातही एकसारखी जळणारी दारू निवडतात. हॉजडन कंपनी आपल्या ‘एच ४८९५’ या दारूबाबत, छापील कोष्टकातील कमाल मात्रेच्या ६० टक्क्यांपर्यंत उतरता येते, असे सांगते. त्याखाली जायचे नाही. शिवाय या मात्रेने या काडतुसाचे नळकांडे अर्ध्याहून अधिक भरते. चुकून दुसऱ्यांदा दारू ओतली गेली, तर ती बाहेर सांडते आणि चूक लगेच दिसते. प्रत्येक मात्रा तराजूवर तोलतात, वहीत नोंदवतात, थोडीच काडतुसे भरून लक्ष्यफलकावर तपासतात, आणि मगच पुढे जातात.

धक्का सौम्य करण्याचे आणखीही उपाय आहेत. रायफल जड केली तर वेग कमी होतो, पण ती मुलाला पेलली पाहिजे. दस्त्याला रबराची गादी लावली तर संवेग तितकाच राहतो, पण तो थांबायला जास्त वेळ मिळतो आणि बल कमी होते. क्रिकेटचा चेंडू झेलताना आपण हात मागे घेतो, तसेच हे.

आपल्या देशात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ ची त्यातील दुरुस्ती यांमुळे हौसेची शिकार बंद आहे. परवान्याशिवाय काडतुसे भरणे हाही गुन्हा आहे. वरील आकडे केवळ गणितासाठी आहेत. धक्क्याचा नियम मात्र तुम्हाला घरी सहज पाहता येईल.

करून पाहा : एका लाकडी फळीवर तीन खिळे त्रिकोणात ठोका. पुढच्या दोन खिळ्यांत रबर अडकवा, ते मागे ताणून तिसऱ्या खिळ्याला दोऱ्याने बांधा. फळी गोल पेन्सिलींच्या रांगेवर ठेवा. ताणलेल्या रबरापुढे वाळू भरलेली लहान डबी ठेवा आणि समोर कोणी उभे नाही हे पाहून दोरा कात्रीने कापा. डबी पुढे, फळी मागे! फळी किती सरकली ते मोजा. आता डबीतील वाळू निम्मी करून पुन्हा मोजा. नंतर फळीवर एक दगड बांधून पाहा.

स्वाध्याय : वरील सौम्य काडतूस ३ किलोग्रॅमच्या रायफलीतून झाडले, तर धक्क्याची ऊर्जा किती येईल? हलकी रायफल मुलाच्या हाती देणे सोयीचे की गैरसोयीचे? दोन्ही बाजू लिहा.