दरकरार : दर पक्का, माल पक्का नाही



मागच्या वर्षी आपल्या भागातल्या एका गटाला सरकारी वसतिगृहाच्या तिखटाचं काम मिळालं. कागदावर लिहिलं होतं, "वर्षाला अंदाजे 480 किलो, दर 240 रुपये." बाया खूश. ग्रामसंघातून कर्ज काढून सहा महिन्यांची मिरची एकदम भरली. ऑफिसातून मागणी आली महिन्याला पंधरा-वीस किलोचीच. पावसाळ्यात मिरचीला कीड लागली, कर्जाचा हप्ता मात्र चालूच राहिला. तो कागद मीही वाचला होता. "अंदाजे" या शब्दावर मी थांबले नाही, ही माझी चूक. म्हणून हा धडा.

दरकरार म्हणजे काय?

ऑफिसला एकच वस्तू वर्षभर लागते, तेव्हा ते दर वेळी नवीन कोटेशन मागत नाहीत. एकदाच दर ठरवतात आणि लागेल तसा माल मागवतात. ऑफिसात याला "रेट कॉन्ट्रॅक्ट" म्हणतात. करारात बहुतेक वेळा दराचं वचन असतं, मालाचं नसतं. माल किती द्यायचा ते पुरवठा आदेशात लिहिलेलं असतं. म्हणून आदेश हातात आल्याशिवाय मोठा कच्चा माल भरू नका.

सही करण्याआधी चार ओळी शोधा

1. किती माल? "अंदाजे" लिहिलं असेल तर "कमीत कमी किती घ्याल?" असं विचारा. उत्तर लेखी मागा.

2. भाव वाढला तर? समजा, किलोमागे मिरची 180, कांडप-पॅकिंग 25, गाडीभाडं 15, नफा 20. झाले 240. मिरची 210 झाली की खर्च 250 होतो. म्हणजे किलोमागे 10 रुपये आपल्याच घरातून. दरवाढीची अट नसेल तर तीन किंवा सहा महिन्यांचाच करार मागा. जीएसटी दरात धरला की वेगळा, तेही लिहून घ्या.

3. पैसे कधी? 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे करारात 45 दिवसांपेक्षा जास्त मुदत ठेवता येत नाही. उशीर झाला तर व्याज मागता येतं आणि ऑनलाइन तक्रार करता येते. पण त्यासाठी माल देण्याआधी उद्यम नोंदणी झालेली पाहिजे. ही नोंदणी फुकट होते, कोणी पैसे मागितले तर देऊ नका. आता हिशोब करा : महिन्याला 40 किलो म्हणजे 9,600 रुपये. पहिलं बिल निघायच्या आत दुसऱ्या महिन्याचा माल द्यावा लागतो. म्हणजे 19,200 रुपयांचा माल उधारीवर गेला. एवढी ताकद गटात आहे का?

4. माल उशिरा गेला तर? दंड किती, ते वाचा. सणासुदीला, पेरणीच्या दिवसांत काम कोण करणार, हे आधीच ठरवा.

पुढच्या वर्षाचं काय?

2024-25 मध्ये शाळेच्या गणवेशाची शिलाई माविममार्फत बचत गटांकडे आली होती. पुढच्या वर्षी गणवेशाचं काम परत शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेलं. म्हणून एका वर्षाच्या ऑर्डरवर तीन वर्षांचं कर्ज काढू नका.

मग हे काम सोडायचं का?

अजिबात नाही. आपल्या कन्हानला वेकोलिच्या खाणी आहेत, नगर परिषद आहे, शाळा आहेत. वेकोलि ही केंद्र सरकारची कंपनी. केंद्राच्या धोरणाप्रमाणे अशा कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीतला किमान 25 टक्के माल सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायचा असतो, त्यातला 3 टक्के महिलांच्या उद्योगांकडून. केंद्राची खरेदी जेम पोर्टलवर होते, तिथे बचत गटांनाही नोंदणी करता येते. दार उघडं आहे, फक्त कागद वाचून आत जायचं.

पुढच्या बैठकीत हे करा

आपल्या एका वस्तूचा खर्च वर दाखवला तसा फळ्यावर मांडा. कच्चा माल 30 रुपयांनी महागला तर काय उरतं, ते काढा. जिला वाचता येत नाही तिलाही आकडे मोठ्याने सांगा, कारण कर्जाची जबाबदारी तिच्यावरही आहे. करार हातात आला तर सहीआधी प्रभागसंघात घेऊन या. आपण सोबत बसून वाचू. या वेळी "अंदाजे" या शब्दावर मी नक्की थांबेन.

तुमची क्षेत्र समन्वयक, कन्हान