दोन किल्ल्या, एकच जुडगा

"चि. बाळास अनेक आशीर्वाद. पत्रास कारण तुझी आई." अशा सुरुवातीचं आत्यांचं पत्र सांगलीहून म्युनिकच्या भाच्याकडे निघालं. वहिनींनी फोनवर सहज सांगितलं होतं, की लेक फार वैतागलाय. लॅपटॉप उघडावा तर तो फोनवरचा कोड मागतो, फोन म्हणतो टॅबवर बघा, आणि टॅब घरी राहिलेला. शेवटी पठ्ठ्याने दिसेल तिथली दुहेरी पडताळणी बंद केली आणि जुना फोन एका मित्राला देऊन टाकला.

बँकेत उभी हयात घालवलेल्या आत्यांचा पहिला प्रश्न : देण्याआधी तो फोन पुसलास का?

मग चांगली खरडपट्टी. रिझर्व्ह बँकेने 1 ऑगस्ट 2009 पासून कार्डाने ऑनलाइन पैसे भरताना दुसरी ओळख सक्तीची केली, तेव्हाही लोक असेच कुरकुरले होते, हे त्या ऐकवतात. ऑगस्ट 2019 मध्ये ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांच्याच खात्यावरून भलतीसलती ट्वीट्स गेली; चोरट्यांनी पासवर्ड फोडला नव्हता, त्यांचा मोबाइल नंबरच ताब्यात घेतला होता. "त्यांची ही गत, तर तुझं काय!" आणि लगेच पुढच्या ओळीत : तो फोन नक्की कोणाकडे आहे?

आत्यांचं म्हणणं सरळ आहे. स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्या दोन माणसांकडे असायच्या, त्या एकाच्या खिशात कधी यायच्या नाहीत. भाच्याच्या फोनमध्ये मात्र पासवर्ड तिथेच, ओटीपी तिथेच, ईमेलही तिथेच. मग कुलपं दोन असली काय नि एक असलं काय! पडताळणी पुन्हा सुरू कर, पण ती एका यंत्रावर टांगू नकोस, असं त्या बजावतात.

त्यासाठीचा तपशील त्यांनी मन लावून लिहिलाय. एसएमएसपेक्षा कोडचं ॲप बरं. क्यूआर स्कॅन करताना मिळालेली गुप्त किल्ली आणि घड्याळातली वेळ यांवरून ते दर 30 सेकंदांनी नवा आकडा काढतं; त्याला रेंज लागत नाही, की भारतातलं सिम परदेशात चालतंय का याची काळजी नाही. मात्र ते दोन यंत्रांवर ठेवायचं. गूगलच्या अशा ॲपमधले कोड खात्यात जपून ठेवायची सोय एप्रिल 2023 मध्ये आली. त्याआधी फोन हरवला की कोडही गेले. गूगल 10 बॅकअप कोड देतं, प्रत्येक एकदाच चालणारा; ते कागदावर छापून घ्यायचे, फोनमध्ये फोटो काढून ठेवायचे नाहीत. आपल्या बँका मात्र बऱ्याचदा एसएमएसवरच अडतात, म्हणून भारतातल्या नंबरचं रिचार्ज चुकवायचं नाही. बंद पडलेला नंबर पुढे दुसऱ्याला दिला जातो. "आणि तो फोन," आत्या तिसऱ्यांदा लिहितात, "मित्र कितीही चांगला असो."

इथे अक्षर थोडं बदलतं. नव्यानेच काउंटरवर बसत असताना एका म्हातारीची सही नमुन्याशी जुळेना म्हणून त्यांनी पैसे काढायची स्लिप परत केली होती. दुसऱ्यांदा हात थरथरला, तिसऱ्यांदा सही आणखीच बिघडली. "अगं, मीच आहे," एवढंच म्हणून बाई पायऱ्या उतरून गेल्या. साक्षीदार घेऊन अंगठा चालला असता. ते सुचलं नाही, कारण रांग मोठी होती आणि नियम पाठ होता. हे आत्यांनी आपल्या दादाला, म्हणजे भाच्याच्या वडिलांनाही कधी सांगितलं नव्हतं.

त्यामुळे भाच्याचा वैताग त्यांना कळतो. परक्या गावात, थंडीत, दिवसभर काम करून आल्यावर यंत्राला "मीच आहे" म्हणून पटवत बसायचं, म्हणजे माणूस चिडणारच. रागावले ते मनावर घेऊ नकोस, असं त्या लिहितात. येत्या रविवारी आईला व्हिडिओ कॉल लावून एकेक खातं दोघांनी मिळून नीट करा; तिलाही शिकायचंय, ती तुला सांगत नाही एवढंच. जेवलास का, हेही त्या कॉलमध्ये सांग.

ता. क. मध्ये आत्या कळवतात, की खातं अडकलं तर रात्री-अपरात्री खुशाल फोन करावा, त्यांना झोप तशीही कमीच लागते. फक्त ओटीपी सांगू नये. त्यांच्याच आवाजात कोणी मागितला, तरीही.