प्रार्थनामंदिराचे समाजमंदिर झाले

लंडन शहरात हॅकनी नावाची वस्ती आहे. तेथे एक जुनी इमारत आहे. तिला 'राउंड चॅपल' म्हणतात. राउंड म्हणजे गोल. चॅपल म्हणजे प्रार्थनेची जागा. आम्ही चौघे ती पाहायला गेलो होतो. तिथं काय पाहिलं, ते ऐका.

ही इमारत १८७१ साली बांधून पुरी झाली. आत पाऊल टाकलं आणि आमची नजर वर गेली. इमारत पुरती गोल नाही. तिचा आकार घोड्याच्या नालासारखा आहे. भोवती माडी आहे. माडीखाली लोखंडाचे बारीक खांब आहेत. तेच खांब पुढे छतापर्यंत चढले आहेत. बोलणारा सर्वांना दिसावा, त्याचे शब्द ऐकू यावेत, अशी ही बैठक.

ही जागा काँग्रिगेशनल पंथाच्या लोकांनी बांधली. ही मंडळी आपल्या देवळाचा कारभार आपणच पाहत. राजाच्या चर्चचे नियम ती मानत नसत. त्याबद्दल अशा लोकांच्या पूर्वजांनी फार सोसले. १६६२ च्या सुमारास जवळजवळ दोन हजार धर्मोपदेशकांना आपली जागा सोडावी लागली. १६६४ साली कायदा झाला. घरच्या माणसांखेरीज पाच किंवा त्यांहून अधिक लोकांनी अशा प्रार्थनेला जमायचे नाही! जमले तर दंड, नाही तर तुरुंग.

१६८९ साली मोकळीक मिळाली. पण एक अट होती. प्रार्थना चालू असताना दाराला कडी-कुलूप लावायचे नाही. तरीही ऑक्सफर्ड आणि केंब्रिज विद्यापीठांचे दरवाजे त्यांना बहुतांशी उघडायला १८७१ साल उजाडले. म्हणजे हे चॅपल पुरे झाले तेच साल.

या मंडळींनी शिकण्याची आस सोडली नाही. रविवारच्या शाळांतून गरिबांची मुलं वाचायला शिकली. मोठी माणसंही मागे राहिली नाहीत. नॉटिंगहॅम गावी १७९८ साली कारखान्यांतल्या तरुण बायांसाठी प्रौढांची शाळा निघाली. आपला वर्ग म्हणजे तिचीच धाकटी बहीण, नाही का? अमेरिकेतल्या काँग्रिगेशनल मंडळींनी पाठवलेले मिशनरी १८१३ साली मुंबईला आले. त्यांनी मराठी शाळा काढल्या.

पुढे काळ पालटला. विसाव्या शतकात चॅपलला येणारी माणसं कमी झाली. एवढ्या मोठ्या वास्तूची डागडुजी मूठभर लोकांना कशी परवडणार? शेवटी जुन्या इमारती जपणाऱ्या तिथल्याच एका विश्वस्त संस्थेने ती ताब्यात घेतली आणि दुरुस्त केली. आता तिथं लग्नं लागतात, गाण्याच्या बैठकी होतात, बाजार भरतो. भाड्याचे पैसे येतात. त्यांतून इमारतीची निगा राखता येते.

आमच्याबरोबरच्या काकांना हे रुचलं नाही. ते म्हणाले, "देवाच्या घरात बाजार? बरं नाही दिसत."

आम्ही म्हटलं, "काका, कुलूप लावून ठेवली असती तर?"

काका गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "छप्पर कोसळलं असतं."

काकांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. जिथं आजोबांनी डोळे मिटून प्रार्थना केली, तिथं नातवाने नाच पाहिला तर मनाला लागणारच. पण ज्यांना एकत्र बसायलाही बंदी होती, त्यांच्या वंशजांनी बांधलेल्या घरात आज कोणीही येऊन बसतो. दार उघडं आहे. आम्हांला वाटतं, ही गोष्ट लहान नाही.

आपल्या गावातही एखादी जुनी धर्मशाळा असते, पडका वाडा असतो. तो कोणाचा? त्याचं काय करावं? पाडावा, की चार माणसांच्या उपयोगी आणावा? उतावळेपणा नको. आधी चावडीवर बसून बोला.

सांगा पाहू:
१. १६६४ च्या कायद्याने कशाला बंदी केली?
२. राउंड चॅपलची निगा राखायला पैसे कुठून येतात?
३. काकांचे म्हणणे तुम्हांला पटते का? का?