दुसरी फेरी मारायला लावू नकोस

पोरी, सोमवारी तू एचआरच्या खुर्चीत बसणार. भोसरी एमआयडीसीत पर्सोनेल खात्यात तुझ्या मामाची ३४ वर्षं गेली. त्यातलं उपयोगाचं तेवढं कानात घालतो.

पहिलं, एका कामासाठी माणसाला दोनदा बोलवू नकोस. आमच्या एका फाउंड्री कामगाराच्या आधारवर वडिलांचं नाव पूर्ण होतं, पीएफच्या नोंदीत नुसतं आद्याक्षर. निवृत्त झाल्यावर एवढ्या दुरुस्तीसाठी तो जुन्नरहून चार वेळा आला. चौथ्या वेळी त्याने एसटीची तिकिटं माझ्या टेबलावर नीट लावून ठेवली. बोलला काहीच नाही. चूक माझ्या खात्याची, भाडं त्याचं. ती तिकिटं मला अजून दिसतात.

म्हणून नाव, जन्मतारीख, वारस हे सगळं माणूस कामावर असतानाच तपास. लग्नाचे, बारशाचे पेढे घेऊन कुणी आला की पेढा खा आणि नॉमिनेशनचा फॉर्म त्याच दिवशी भरून घे.

पगार सात तारखेच्या आत झालाच पाहिजे. त्यावर कामगाराचं घरभाडं आणि हप्ता अडलेला असतो. ओव्हरटाइम दुप्पट दराने दे; 'बदली सुट्टी घे' म्हणून तो बुडवू नकोस.

कोऱ्या कागदावर सही घेऊ नकोस. कुणाची मूळ प्रमाणपत्रं कपाटात अडकवू नकोस. दमात घेऊन राजीनामा लिहून घेणं हे तर पापच. दोष असेल तर आरोपपत्र दे, त्याला वाचता येईल अशा मराठीत दे, त्याचं म्हणणं ऐक, मग निर्णय घे.

कायम कामगाराला पाच वर्षं भरली की ग्रॅच्युइटी त्याच्या हक्काची. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. हा हिशोब त्याच्यासमोर मांड आणि ३० दिवसांत पैसे दे. पाच वर्षं भरत आली म्हणून 'याला ब्रेक दे' असं वरून तोंडी आलं, तर लेखी माग. ज्यावर सही करायला साहेब कचरतात, त्यावर तूही करू नकोस.

कुणी बाई छळाची तक्रार घेऊन आली तर 'सांभाळून घे' म्हणू नकोस. दहा माणसांच्या कंपनीतही अंतर्गत समिती लागते. तक्रार तिथे जाऊ दे, तिचं नाव चहाच्या टपरीवर जाऊ देऊ नकोस.

कंत्राटी पोरांची नावं पाठ कर. कॅन्टीनमध्ये त्यांच्या रांगेत उभी राहून जेव. जेवण कसं आहे ते तुला विचारावं लागणार नाही.

आणि कुणी नोकरी सोडून निघाला, तर हिशोबाचा कागद आणि अनुभवपत्र शेवटच्या दिवशीच त्याच्या हातात पडू दे. मग त्याला गेटपर्यंत सोडायला तू स्वतः जा.