संगणक मंदावला तर

घरातला संगणक हळू चालू लागला, की आपण म्हणतो, "म्हातारा झाला." पण पुष्कळदा त्याच्यावर ओझेच फार झालेले असते. ते आपण उतरवू. पैसा लागत नाही.

आधी फोटो व कागदपत्रे पेनड्राइव्हवर उतरवून घेऊ. मग नको ते प्रोग्राम काढून टाकू. पुसलेल्या फायली रिसायकल बिनमध्ये पडून राहतात व जागा अडवतात. ती टोपली रिकामी करू.

आता कंट्रोल, शिफ्ट, एस्केप ह्या कळा एकदम दाबू. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात स्टार्टअप अ‍ॅप्स पाहू. संगणकाबरोबर आपोआप सुरू होणारे, पण आपल्याला न लागणारे प्रोग्राम तिथे बंद करू. जे ओळखीचे नाही, त्याला जाणत्याला विचारल्याशिवाय हात लावू नये.

राखणीचे काय? विंडोज १० व ११ मध्ये डिफेंडर नावाचा राखणदार फुकटच असतो. तो चालू ठेवू. अपडेट आले, की घेऊ.

"संगणकात व्हायरस शिरलाय, पैसे भरा," असा फोन आला, तर तो ठेवून द्यावा. ओटीपी कोणालाही सांगू नये. पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर फोन करावा. उशीर झाला, की पैसा हाती लागणे कठीण.

प्रश्न : पुसलेली फाईल कुठे जाते?