इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत आपले गुरुजी

(द्वितीय वर्ष, कला)

इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत जे प्रश्न हमखास विचारले जातात, त्यांत ‘तुमच्या आवडत्या शिक्षकांविषयी सांगा’ आणि ‘शाळेतील एखादी आठवण सांगा’ हे दोन प्रश्न पहिल्या रांगेतले आहेत. वरवर पाहता यांच्याइतके सोपे प्रश्न नाहीत. इतिहासाच्या सनावळ्या विसरता येतात. आपली शाळा कोण विसरेल? तरीही नेमक्या याच प्रश्नांवर आपल्यापैकी पुष्कळांची जीभ अडखळते, आणि ज्यांची अडखळत नाही ते बहुधा गाईडमधील उत्तर म्हणून दाखवीत असतात. असे का होते आणि त्यावर उपाय कोणता, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. लेख लिहिणारी कोणी तज्ज्ञ नव्हे. घरातून कॉलेजची पायरी चढलेली ती पहिलीच. पण कर्जत-खालापूरच्या वाड्यावस्त्यांतून आलेल्या माझ्यासारख्या अनेकांचा हा प्रश्न असल्यामुळे तो मांडण्याचे धाडस करीत आहे.

परीक्षेचे स्वरूप

बारावीला इंग्रजीच्या शंभर गुणांपैकी ८० गुण लेखी परीक्षेला आणि २० गुण तोंडी परीक्षेला असतात. दहावीलाही भाषा विषयांना अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण आहेत. मध्यंतरी ते काढून टाकण्यात आले होते. त्या वर्षी, म्हणजे मार्च २०१९ च्या परीक्षेत, राज्याचा दहावीचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. या घसरणीनंतर पुढील वर्षापासून हे गुण पुन्हा देण्यात येऊ लागले. या घटनेवरून एक गोष्ट ध्यानात येते. हे वीस गुण आपण ‘आधाराचे गुण’ मानतो. ते मिळतात, म्हणून त्यांच्यासाठी बोलायला शिकावे लागते असे कोणाला वाटत नाही.

खरी परीक्षा पुढे येते. कर्जतच्या एखाद्या हॉटेलात किंवा खोपोलीच्या एखाद्या कारखान्यात मुलाखतीला गेले की साहेब इंग्रजीत म्हणतात, ‘शाळेविषयी काही सांगा.’ परदेशी शिकायला किंवा परिचारिका म्हणून नोकरीला जाणाऱ्यांना आयईएलटीएस नावाची परीक्षा द्यावी लागते. १९८९ पासून चालत आलेल्या या परीक्षेत बोलण्याची चाचणी ११ ते १४ मिनिटांची असते व तिचे तीन भाग असतात. पहिल्या भागात घर, गाव, शिक्षण यांविषयी साधे प्रश्न. दुसऱ्या भागात एक कार्ड हाती देतात. एक मिनिट विचार करायचा आणि एक ते दोन मिनिटे सलग बोलायचे. ‘तुमच्या स्मरणात राहिलेले शिक्षक’ हा या कार्डावरचा एक नेहमीचा विषय. तिसऱ्या भागात त्याच विषयाच्या अनुषंगाने चर्चा होते. गुण देताना चार गोष्टी सारख्याच वजनाने पाहतात : बोलण्याचा ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार. शिक्षक किती थोर होते, शाळेची इमारत केवढी होती, याला गुण नाहीत. हा मुद्दा वाचकांनी कृपया लक्षात ठेवावा, कारण आपले निम्मे भय त्याच्या अज्ञानातून आलेले आहे.

गाईडमधले शिक्षक

गाईडमधील आवडते शिक्षक सर्वांच्या परिचयाचे आहेत. ते वक्तशीर आहेत, प्रेमळ आहेत, शिस्तप्रिय आहेत, सर्व विद्यार्थ्यांना समान लेखतात आणि मेणबत्तीप्रमाणे स्वतः जळून इतरांना प्रकाश देतात. रायगडात तेच, नागपुरातही तेच. त्यांना चेहरा नाही, गाव नाही, आणि पावसाळ्यात त्यांचे कपडे कधी भिजत नाहीत.

अशा उत्तराचा पहिला तोटा व्यावहारिक आहे. पाठ केलेल्या उत्तरातील एक वाक्य निसटले की पुढची सारी माळ सुटते, कारण ती वाक्ये एकमेकांना फक्त पाठांतराने जोडलेली असतात. ‘प्रेमळ’ नंतर ‘शिस्तप्रिय’ का यावे याला कारण नाही. उलट खऱ्या आठवणीत एक गोष्ट दुसरीला ओढून आणते. ओढा आठवला की ओढ्याचे पाणी आठवते, पाणी आठवले की गुरुजींनी हातात घेतलेल्या चपला आठवतात. ओघ व सुसंगती म्हणतात ती हीच. दुसरा तोटा असा की परीक्षकाने ‘ते नेमके काय करीत असत?’ असा उलट प्रश्न केला की गाईडमधल्या शिक्षकांजवळ उत्तर नसते.

मराठी वाचकाला ही गोष्ट नवीन नाही. पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ति आणि वल्ली’ला १९६५ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातील चितळे मास्तर आपल्या ध्यानात राहतात ते विशेषणांमुळे नव्हे, तर त्यांच्या बोलण्याच्या लकबींमुळे आणि झिजलेल्या वहाणांमुळे. मराठीत जे आपल्याला कळते, ते इंग्रजीत बोलताना आपण विसरून का जातो?

मराठीची अडचण आणि मराठीची मदत

याचे एक कारण भाषेत आहे. शाळेविषयी आपण मराठीत विचार करतो आणि शब्दाला शब्द ठेवून इंग्रजी करू लागतो. तिथे काही ठरावीक जागी ठेच लागते. त्या जागा माहीत असल्या तर पाय सांभाळून टाकता येतो.

पहिली जागा ‘शिकणे’ आणि ‘शिकवणे’ यांची. मराठीत दोन्ही क्रियापदे एकाच घरातली आहेत. इंग्रजीत ‘लर्न’ आणि ‘टीच’ ही दोन वेगळी घराणी. गुरुजी ‘टीच’ करतात, आपण ‘लर्न’ करतो. तीच गत ‘आठवणे’ आणि ‘आठवण करून देणे’ यांची. पहिल्याला ‘रिमेंबर’ आणि दुसऱ्याला ‘रिमाइंड’. शिवाय मराठीत ‘मला आठवते’, म्हणजे आठवण आपल्याकडे चालत येते. इंग्रजीत ‘आय रिमेंबर’, म्हणजे आठवणारा कर्ता मीच.

दुसरी जागा आदराची. ‘गुरुजी आले’ यात आपण एकाच व्यक्तीला अनेकवचन देऊन मान देतो. इंग्रजीत ही सोय नाही. म्हणून आपल्यापैकी कितीतरी जण आदरापोटी ‘दे’ म्हणतात आणि ऐकणाऱ्याला वाटते, शिक्षक दोन होते. गुरुजींना ‘ही’ आणि बाईंना ‘शी’ म्हणताना जीभ जड होते, हे खरे. पण त्यात अवमान नाही. त्या भाषेत आदर सर्वनामातून दिसत नाही, सांगितलेल्या गोष्टीतून दिसतो. तसेच ‘माय सर’ असे न म्हणता ‘माय टीचर’ म्हणून पुढे त्यांचे नाव घ्यावे. ‘सर’ ही तिथे हाक मारण्याची रीत आहे.

तिसरी जागा छोट्या शब्दप्रयोगांची. आपली शाळा ‘भरते’ आणि ‘सुटते’. इंग्रजीत ती भरत नाही, फक्त सुरू होते आणि संपते.

आता मराठीची मदत पाहा. ‘ते रोज गोष्ट सांगत असत’, ‘बाई आम्हांला ओढ्यापर्यंत सोडायला यायच्या’ : पूर्वी नित्य घडणारी क्रिया दाखविणारा हा रीतिभूतकाळ आपल्या घरोघरी बोलला जातो. शाळेच्या आठवणींना हाच काळ लागतो. इंग्रजीत त्याला ‘यूज्ड टू’ किंवा ‘वुड’ आहे. म्हणजे जिथे जिथे मनात ‘-त असत’ किंवा ‘-यचे’ येईल तिथे ‘यूज्ड टू’ आणि एकदाच घडलेल्या गोष्टीला साधा भूतकाळ, एवढे नीट जमले तरी उत्तर उभे राहते. आधी नेहमीची रीत सांगावी, मग ‘वन डे’ म्हणून एक प्रसंग सांगावा. आजीने सांगितलेल्या गोष्टी याच घाटाच्या असतात.

एक उदाहरण

आमच्या वाडीवरील शाळा जिल्हा परिषदेची, दोन शिक्षकांची. चौथीपर्यंतचे वर्ग दोन खोल्यांत बसत. एसटी फाट्यावर थांबायची. तेथून गुरुजी चालत येत. आषाढात ओढा फुगला की ते चपला हातात घेत आणि पलीकडे उभ्या असलेल्या मुलांना एकेक करून अलीकडे आणीत. वर्गात तिसरीची मुले गणिते सोडवीत असताना चौथी मोठ्याने वाचत असे. गुरुजींचा एक कान तिकडे आणि एक डोळा इकडे. लावणीच्या दिवसांत पट निम्म्यावर येई. तेव्हा गुरुजी संध्याकाळी बांधावर येऊन विचारायचे, ‘उद्या येशील ना गं?’ माझी आई त्यांना हात जोडून म्हणायची, ‘दोन दिस द्या गुरुजी, आवण संपू द्या.’

हे इंग्रजीत कसे सांगावे? ‘माय टीचर यूज्ड टू वॉक फ्रॉम द बस स्टॉप. देअर वॉज अ स्ट्रीम ऑन द वे. इन द रेन्स ही यूज्ड टू कॅरी हिज चप्पल्स इन हिज हँड.’ यात एकही अवघड शब्द नाही. लावणीला शब्द सापडला नाही तर ‘प्लांटिंग राइस’ म्हणावे. ‘राब’ सांगायचा असेल तर पावसाआधी जमिनीच्या एका तुकड्यावर पालापाचोळा आणि शेण जाळतात, मग तिथेच भात पेरतात, आणि रोपे वाढली की दुसरीकडे लावतात, अशी तीन छोटी वाक्ये करावीत. एका शब्दाऐवजी तीन वाक्ये बोलावी लागणे हे बोलण्याच्या परीक्षेत नुकसान नव्हे, लाभच आहे.

ज्यांची शाळा तुटक आहे

येथे एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो. या परीक्षांनी असे गृहीत धरले आहे की प्रत्येकाची शाळा सलग आणि आनंदाची होती. आपल्या तालुक्यांत तसे नाही. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामावर जातात. मुले सोबत जातात. माझ्या वर्गातली एक मैत्रीण दरवर्षी अशीच निघून जाई आणि पावसाच्या तोंडावर परत येई. तिला आवडते शिक्षक विचारले तर ती काय सांगेल? कोणाला छडीखेरीज काही आठवत नसेल, तर त्याने काय सांगावे?

माझ्या मते त्यांनीही आपलेच सांगावे. ‘मी दर वर्षी शाळा सोडून जात असे, परत आल्यावर माझे नाव पटावर आहे का ते मी आधी पाहत असे’ हे वाक्य इंग्रजीत तितकेच सोपे आहे, आणि आवडत्या शिक्षकांऐवजी शिकविणारी बहीण किंवा शेजारची ताई सांगता येते. कोणी म्हणेल, खरेपणाला गुण नाहीत तर मग गाईडमधले शिक्षक का नकोत? कोणी रचून सांगितले म्हणून परीक्षक गुण कापणार नाही, हे मान्य. पण रचलेल्या गोष्टीत शब्दही शोधायचे आणि गोष्टही शोधायची असे दुहेरी ओझे असते. शिवाय माणूस आपली शाळा लपवून बोलू लागला की इंग्रजी म्हणजे आपले जे आहे ते झाकण्याची भाषा, अशी त्याची समजूत होते. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला इंग्रजीचे जे भय वाटते, त्याचे मूळ मला व्याकरणापेक्षा या समजुतीत दिसते.

चर्चेच्या भागालाही आपल्याजवळ भांडवल आहे. ‘आईवडिलांच्या काळापेक्षा शिक्षण कसे बदलले?’ असे विचारले तर सांगावे की २००० सालापूर्वी मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून होते, त्या वर्षापासून ते पहिलीपासून आले. ‘शिक्षकाचे काम पगारापुरते असते का?’ असे विचारले तर माथेरानला जन्मलेल्या हुतात्मा भाई कोतवालांचे नाव घ्यावे. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर त्यांनी देह ठेवला हे आपण जाणतोच. पण त्याआधी त्यांनी या भागातील गरिबांच्या मुलांसाठी शाळा चालविल्या होत्या.

सराव कसा करावा

आम्ही काही मैत्रिणी कर्जत-खोपोली गाडीत सराव करतो. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, खोपोली : दोन स्थानकांच्या मध्ये एकीने बोलायचे, बाकीच्यांनी थांबवायचे नाही. स्थानक आले की प्रत्येकीने एकच प्रश्न विचारायचा. त्याआधी वहीत मराठीतून फक्त पाच शब्द लिहायचे : उदाहरणार्थ फाटा, ओढा, चपला, बांध, आवण. वाक्ये लिहायची नाहीत, कारण लिहिली की ती पाठ होतात. पहिल्या आठवड्यात डब्यातील लोक हसतात. दुसऱ्या आठवड्यात ऐकू लागतात. एकदा एका मावशींनी मराठीत विचारले, ‘मग त्या गुरुजींची बदली झाली का गं पुढे?’ त्यांना इंग्रजी येत नव्हते. ‘टीचर’ आणि ‘चप्पल्स’ एवढ्यावरून त्यांनी गोष्ट ओळखली होती.

शेवटी आपल्या प्राध्यापकांना एक नम्र विनंती. कॉलेजच्या तोंडी परीक्षेत आवडत्या शिक्षकांविषयी विचाराल तेव्हा पहिल्या उत्तरानंतर आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा : ‘ते शाळेत कसे येत असत?’ गाईडमध्ये याचे उत्तर नाही. आमच्याजवळ मात्र आहे. कोणाचे गुरुजी सायकलवरून येत, कोणाच्या बाई दुधाच्या टेंपोतून, कोणाचे घाट उतरून पायी. ते उत्तर देताना आमचे इंग्रजी मोडकेतोडके असेल, पण ते आमचे असेल.